नारबाचा मळा कॅमेऱ्यातून कसा वाचावा

आनंद यादव यांची ‘गोतावळा’ ही कादंबरी १९७१ साली प्रसिद्ध झाली. तिचा नायक नारबा कागल-कोल्हापूर भागाच्या बोलीत आपली हकिकत स्वतःच सांगतो. तो मालकाच्या मळ्यावर राबणारा गडी आहे. त्याच्या नावावर जमिनीचा तुकडाही नाही, पण त्या मळ्यावाचून त्याला दुसरे जग नाही, कारण तिथली गुरे, पाखरे आणि झाडे हाच त्याचा गोतावळा झालेला आहे. पुढे मळ्यात ट्रॅक्टर येतो, यंत्राच्या शेतीत जनावरांचे काम सरते, दावण रिकामी होत जाते, आणि मळा होता तिथेच असूनही नारबाला परका होतो. एखाद्या पात्राची मायभूमी बदलते म्हणजे नेमके काय होते, हे छायाचित्रांतून उलगडून पाहायचे असेल, तर कोल्हापूरकरांना याहून जवळची कादंबरी मिळणे कठीण आहे. कागल आपल्यापासून सुमारे वीस किलोमीटरवर आहे. पुणे-बंगळूर महामार्ग, पंचतारांकित औद्योगिक वसाहत आणि दोन्ही अंगांना पसरलेला ऊस अशा रूपात त्या शिवाराचा पुढचा काळ आपण रोज येता-जाता पाहत असतो.

मराठीच्या विद्यार्थ्यांना बरोबर घेऊन गेली काही वर्षे मी हे काम करत आलो आहे, आणि त्यातून जी पद्धत हाती आली ती इथे मांडतो आहे. महागड्या कॅमेऱ्याची गरज नाही. बहुतेक विद्यार्थ्यांनी मोबाइलवरच उत्तम काम केले आहे. वेळ मात्र भरपूर लागतो. कादंबरी नीट वाचायला पंधरा दिवस आणि शिवारात फिरायला निदान दोन ऋतू हाताशी असतील, तरच या कामाला हात घालावा.

प्रतीक कुठून येते

कादंबरीतील प्रसंगांची चित्रे काढणे आणि कादंबरीचा अर्थ चित्रांतून लावणे ही दोन निराळी कामे आहेत. फेटा बांधलेला गडी, शेजारी बैलजोडी, मागे मावळता सूर्य, असे छायाचित्र मुखपृष्ठाला शोभेल; वाचकाच्या समजुतीत त्याने कसलीही भर पडणार नाही. हा भेद समजण्यासाठी मला आपल्या अलंकारशास्त्रातील शब्दशक्तींचा फार उपयोग झाला. ‘गंगेवर गवळीवाडा आहे’ हे जुने उदाहरण अनेकांनी महाविद्यालयात ऐकलेले असेल. शब्दशः अर्थ घेतला तर वस्ती पाण्याच्या प्रवाहावर उभी राहू शकत नाही, म्हणून आपण ‘गंगेच्या काठावर’ असा अर्थ करतो, ही लक्षणा. आणि काठ न म्हणता गंगा म्हटल्यामुळे त्या वस्तीचा गारवा आणि पावित्र्य मनाला जाणवते, ती व्यंजना.

छायाचित्रालाही हीच कसोटी लावता येते. गोठ्यातील खुंट्याचे छायाचित्र घ्या. लाकडाचा एक जमिनीत रोवलेला तुकडा, ही झाली अभिधा, म्हणजे शब्दशः अर्थ. त्याच्याभोवती दाव्याने घासून पडलेला खोल वळसा दिसतो आहे पण दावे दिसत नाही, म्हणजे इथे जनावर बांधले जात असे आणि आता जात नाही, ही लक्षणा. आणि खुंटा मोकळा झाला म्हणून त्याच्याशी जोडलेले माणूसही मोकळे, म्हणजेच निराधार झाले, ही जाणीव पाहणाऱ्याच्या मनात आपोआप उमटली, तर ती व्यंजना. छायाचित्र पहिल्या पायरीवरच थांबत असेल तर ती केवळ नोंद आहे. आणि पहिली पायरी कच्ची ठेवून, म्हणजे खुंटा धड दिसतही नसताना, धूसर प्रकाश आणि काळोख यांच्या बळावर थेट तिसऱ्या पायरीवर उडी मारू पाहत असेल तर तो केवळ आव आहे. विद्यार्थ्यांच्या हातून दुसरी चूक अधिक होते.

१९२० च्या दशकात आल्फ्रेड स्टिग्लिट्झ या अमेरिकन छायाचित्रकाराने नुसत्या ढगांची छायाचित्रे काढून आपल्या मनातील भाव त्यांत पाहिले आणि त्या मालिकेला ‘इक्विव्हॅलन्ट्स’ हे नाव दिले. प्रतीकात्मक छायाचित्रणाचा विषय निघाला की तिचा उल्लेख होतोच. पण ढग कुणाच्याच मालकीचे नसतात, त्यांत कुणीही आपला भाव घालू शकतो. आपल्याला तेवढी मोकळीक नाही, कारण आपण नारबाच्या मनाचा शोध घेत आहोत आणि ते मन ठरावीक वस्तूंना बांधलेले आहे. प्रतीक आपल्या आवडीतून न आणता पात्राच्या हाताखालून उचलायचे, हा माझ्या दृष्टीने या कामाचा गाभा आहे.

आणि असे काम करायला दूरच्या उदाहरणांची गरजही नाही. बाबूराव पेंटर यांनी १९२५ साली याच कोल्हापुरात ‘सावकारी पाश’ हा मूकपट केला. सावकारीत जमीन गमावून शहराची वाट धरावी लागलेल्या शेतकऱ्याची ती कथा. तो मूकपट पाहिलेल्यांच्या आठवणीत जे दृश्य टिकून राहिले त्यात काळोखातली एक उदास झोपडी आणि रडणारा कुत्रा एवढेच होते. शब्द नाही, आवाज नाही, आणि तरी घर उजाडल्याचे कळते. झोपडी आणि कुत्रा या दोन्ही गोष्टी त्या शेतकऱ्याच्या रोजच्या जगण्यातल्याच होत्या, म्हणून ते दृश्य मनात उतरले.

आधी वही, मग कॅमेरा

कादंबरी दोनदा वाचावी. पहिल्यांदा वाचताना काहीही टिपू नये. दुसऱ्या वाचनाला वही घ्यावी आणि नारबाचा हात ज्या ज्या वस्तूला लागतो तिची नोंद करावी. त्याने नुसत्या पाहिलेल्या गोष्टी वेगळ्या पानावर लिहाव्यात. ही दोन पाने वेगळी ठेवणे फार महत्त्वाचे आहे, कारण माणसाची मायभूमी त्याच्या डोळ्यांपेक्षा तळहाताला अधिक ठाऊक असते. वस्तूंची नावे त्याच्याच बोलीत लिहावीत. ‘दोर’ असे सरसकट लिहून भागणार नाही. कासरा, दावे, वेसण आणि नाडा या चार दोरांची चार कामे आहेत, आणि माणसाचे जनावराशी असलेले नातेही प्रत्येकात वेगळे आहे. कासऱ्याने दिशा दाखवली जाते, दाव्याने मुक्काम ठरतो.

यानंतर मायभूमीची हद्द ठरवावी. हे काम पुष्कळजण टाळतात आणि मग रंकाळा, संध्यामठ, पंचगंगेचा घाट अशी कोल्हापूरची देखणी स्थळे मालिकेत शिरतात. नारबाची मायभूमी म्हणजे कोल्हापूर जिल्हा नव्हे, गावही नव्हे. ती मळ्याच्या बांधापाशी संपते. त्या बांधाबाहेरचे जे काही आपण घेऊ ते परक्याचे जग म्हणूनच घ्यावे लागेल. एका विद्यार्थिनीने २०१९ च्या महापुराची स्वतः काढलेली छायाचित्रे आणली होती. बुडालेला ऊस, छतावर चढवलेला संसार. चित्रे अस्सल होती आणि ती पाहताना आम्हा सर्वांनाच गलबलून आले. तरीही ती मालिकेत बसत नव्हती, कारण महापुराने आलेला बदल पाणी ओसरल्यावर सावरता येतो, निदान सावरण्याची आशा तरी असते, आणि नारबाच्या वाट्याला आलेला बदल ओसरणारा नाही. ती छायाचित्रे स्वतंत्र मालिकेला द्यावीत असे आम्ही ठरवले.

तिसरी गोष्ट म्हणजे आपले अर्थनिर्णयाचे वाक्य. ‘यंत्रामुळे ग्रामीण जीवन उद्ध्वस्त झाले’ यासारखे वाक्य कोणत्याही कादंबरीला लावता येते, म्हणून ते निरुपयोगी आहे. माझे वाक्य पुष्कळ खोडाखोडीनंतर असे झाले: ‘नारबाचा मळा जात नाही; मळ्यात त्याला ओळखणारे जात राहतात.’ हे वाक्य सापडल्यावर काय टिपायचे हे आपोआप स्पष्ट झाले. मला जमिनीतला बदल दाखवायचा नव्हता, ओळखीच्या खुणा पुसत गेल्याचे दाखवायचे होते. तुमचे वाक्य वेगळे असेल, असावेच, पण ते कागदावर उतरल्याशिवाय शिवारात पाऊल टाकू नये.

त्यानंतर वहीतील प्रत्येक वस्तूसमोर तिची आजची अवस्था लिहावी. इथे घरातील वडीलधाऱ्यांना विचारणे अटळ आहे. उदाहरणादाखल मोट घ्या, म्हणजे विहिरीतून पाणी ओढायची चामड्याची पिशवी. बैल धावेवरून खाली उतरत गेले की नाड्याने मोट वर येई, सोंदूर हा बारीक दोर तिची सोंड थारोळ्यात, म्हणजे विहिरीच्या काठावरच्या कुंडात, ओढून घेई, पाणी थारोळ्यात पडे आणि तिथून पाटाला लागे. एवढ्या एका कामात बैल, माणूस, चामडे, लाकूड, दगड आणि पाणी एकमेकांना बांधलेले होते, आणि माणसाला सबंध वेळ बैलांशी बोलावे लागे. पुढे विहिरीवर ऑइल इंजिने आली, मग विजेची मोटर आली. आता मोटर चालू करायला मोबाइलवरून फोन लावला तरी पुरतो. पाणी पूर्वीपेक्षा अधिक मिळते, कष्ट उणावले, यात वाईट काही नाही. बोलणे मात्र थांबले. मोटेचे छायाचित्र हवे असेल तर जुनी मोट कुठल्या वस्तुसंग्रहालयात आहे हे शोधत बसण्यापेक्षा थांबलेल्या बोलण्याची खूण विहिरीवर कुठे उरली आहे ते शोधावे.

अशी एक खूण मला एका जुन्या दगडी विहिरीच्या काठावर सापडली. थारोळ्याच्या तोंडाशी दोर वर्षानुवर्षे घासून दगडात बोटभर खोल खाचा पडलेल्या होत्या, आणि त्यांतल्याच एका खाचेत कुणीतरी मोटरची काळी वायर बसवलेली होती, सरकू नये म्हणून. कुणी मुद्दाम योजूनही इतके नेमके जमले नसते. ज्या खाचेतून बैलाचे बळ ओढले जात होते तिच्यातून आता वीज जाते आहे, आणि दगडाला दोन्हींचा आकार सारखाच आहे. हे छायाचित्र मी सकाळी आठच्या सुमारास घेतले, कारण त्या वेळी ऊन दगडावर तिरपे पडते आणि खाचेची खोली सावलीतून कळते. दुपारी तीच जागा सपाट दिसत होती.

ट्रॅक्टरचे काय करावे

पहिल्या वर्षी आम्ही जी चूक केली ती सांगणे मला आवश्यक वाटते. बैल रंगीत आणि ट्रॅक्टर कृष्णधवल, अशी जोडचित्रे आम्ही केली होती. प्रदर्शनात लोकांनी वाहवा केली, पण एका तरुण शेतकऱ्याने मला बाजूला घेऊन विचारले की त्याच्या वडिलांची पाठ ज्या कामाने मोडली ते काम रंगीत आणि ज्याने वाचली ते काळे कसे. त्याला देण्यासारखे उत्तर माझ्याकडे नव्हते. कादंबरी पुन्हा वाचली तेव्हा उमगले, की नारबाचे दुःख आम्ही आमच्या हळहळीत मिसळून टाकले होते.

ट्रॅक्टर मालिकेत हवाच, पण खलनायक म्हणून नको. ट्रॅक्टरला तहान लागत नाही, तो हाकेला मान वळवत नाही, आजारी पडला तर रात्रभर उशाशी बसावे लागत नाही. नारबासारख्या माणसाला जे द्यावेसे वाटते ते घ्यायला त्याच्यापाशी जागाच नाही. हे दिसेल असे काय टिपता येईल, याचा शोध घ्यावा. मला दोन वाटा सापडल्या. एक पायांची. नांगराचे रुमणे धरून चालणाऱ्याचे पाय ढेकळांत असतात. ट्रॅक्टरवर बसलेल्याचे पाय जमिनीपासून सुटलेले असतात. कॅमेरा गुडघ्याखाली, जवळजवळ मातीला टेकवून, चालकाच्या चपलेचा तळवा आणि खालची नांगरट एवढेच चौकटीत घेतले की माणूस आणि माती यांच्यातले हातभर अंतर दिसते, आणि त्यात कुणावर आरोप होत नाही. दुसरी वाट हाताची. संध्याकाळी ट्रॅक्टर उभा करून उतरताना बॉनेटवर थाप मारणारे चालक मी पाहिले आहेत. बैलाच्या मानेवर मारावी तशीच ती थाप असते. हाताची सवय गेलेली नाही, समोरचे जनावर गेले आहे. या थापेचे छायाचित्र माझ्या विद्यार्थ्याने पाच संध्याकाळी थांबून मिळवले. मालिकेतील माझे ते सर्वांत आवडते चित्र आहे.

बेंदराबद्दलही, म्हणजे बैलांच्या सणाबद्दलही, थोडे सांगायला हवे. आपल्याकडे ज्येष्ठात कर्नाटकी आणि आषाढात महाराष्ट्रीय असे दोन्ही बेंदूर होतात, शिंगे रंगतात, झुली निघतात, गावोगाव कर तोडली जाते, आणि छायाचित्रे काढणाऱ्यांची गर्दी उसळते. त्या मिरवणुकीतून प्रतीक हाती लागणे अवघड असते, कारण त्या दिवशी सगळेच उघड बोलत असते. मी विद्यार्थ्यांना बेंदराच्या दुसऱ्या दिवशी, आणि तेही ज्यांच्या घरी आता बैल नाहीत अशा घरी जायला सांगतो. तिथे मातीची बैलजोडी आणून पुजलेली असते. पूजेनंतर ती कुठे ठेवली जाते ते पाहावे. एका घरी ती फ्रिजवर होती, एका घरी गोठ्याच्या जुन्या कोनाड्यात, जिथे आता खताच्या रिकाम्या पोत्यांची चळत आहे. ज्या जागी सापडली त्याच जागी तिचे छायाचित्र घ्यावे. रिकाम्या गव्हाणीत नेऊन मांडण्याचा मोह होतो, पण मांडलेले प्रतीक लगेच ओळखू येते, आणि एकदा ते ओळखू आले की पाहणारा बाकीच्या चित्रांवरही विश्वास ठेवत नाही.

शिवारात गेल्यावर

परवानगीवाचून कुणाच्या मळ्यात, आणि विशेषतः गोठ्यात, शिरू नये. आधी कॅमेरा पिशवीत ठेवून बसावे, चहा घ्यावा, कशासाठी आलो ते सरळ सांगावे. कागलजवळच्या एका वस्तीवर एका वृद्ध शेतकऱ्यांनी मला विचारले, ‘‘सर, ह्या रिकाम्या गव्हाणीचा कसला फोटू काढतायसा? चांगली म्हस हाय की तिकडं.’’ मी त्यांना नारबाची गोष्ट थोडक्यात सांगितली. ते बराच वेळ गप्प राहिले आणि मग म्हणाले, ‘‘मामा व्हता माझा असाच एक. जनावरं इकली आनि त्यो जेवायचा ऱ्हायला.’’ त्यानंतर त्यांनी स्वतःच गोठ्याचे दार सताड उघडले, आत उजेड यावा म्हणून.

त्या गव्हाणीचे वर्णन थोडे विस्ताराने करतो, कारण प्रतीक जवळून कसे पाहावे हे त्यातून स्पष्ट होईल. गव्हाण दगड-मातीची, पुढच्या काठाला सागाची फळी. फळीची खालची बाजू खडबडीत, तिच्यावर तासणीचे घाव अजून दिसत होते. वरची कड मात्र जनावरांच्या गळ्याने घासून घासून इतकी गुळगुळीत झालेली, की दारातून आलेला उजेड तिच्यावर पाण्यासारखा चमकत होता. आत वैरणीच्या जागी मोटरसायकलचे हेल्मेट, वायरचे वेटोळे आणि तणनाशकाची डबी होती. पहिल्यांदा मी हे सगळे सामान चौकटीत घेतले, कारण विरोध ठळक होत होता. घरी आल्यावर ते चित्र बोलघेवडे वाटले. दुसऱ्या खेपेला मी फक्त फळीची कड घेतली, खाली काळोख, आणि कोपऱ्यात हेल्मेटची पुसटशी गोलाई. चमकणारी रेघ एकटी राहिल्यावर पाहणारा विचारतो, हे लाकूड इतके गुळगुळीत कशाने झाले, आणि उत्तर त्यालाच द्यावे लागते.

कुणा शेतकऱ्याला ‘तुम्ही आमचे नारबा’ असे म्हणू नये आणि त्याचा चेहरा नारबा म्हणून दाखवू नये. नारबा कादंबरीत आहे. समोरच्या माणसाला स्वतःचे आयुष्य आहे आणि कदाचित तो बदलाने सुखावलेलाही असेल. चेहऱ्याऐवजी हात, पाठ, पाऊल, सावली यांतून काम भागते आणि प्रतीकाच्या दृष्टीने ते अधिक बरे.

प्रकाश, ऋतू आणि यंत्र

उसाचा एक गुण छायाचित्रकाराने ओळखून ठेवावा: तो क्षितिज झाकतो. आडसाली लागण जुलै-ऑगस्टमध्ये होते आणि पीक साधारण सोळा ते अठरा महिने उभे राहते. लागणीनंतर काही महिन्यांतच बांधावरून दूरचे काही दिसेनासे होते, आणि तोड झाली की एका दिवसात सगळे शिवार उघडे पडते. एका बांधावर, एकाच उंचीवर, एकाच लेन्सने दर महिन्याला एक छायाचित्र घ्यावे. उभे राहण्याच्या जागी दगड पुरून ठेवावा म्हणजे जागा चुकत नाही. दृष्टी मिटत जाणे आणि अचानक उघडणे, ही लय नारबाच्या एकटेपणाशी फार जवळून जुळते. तोडीनंतर उरलेले पाचट आणि त्यातून वर येणारा खोडव्याचा पहिला कोंब हेही टिपण्यासारखे आहे, पण कोंब म्हणजे आशा असा ठोकळेबाज अर्थ लावू नये. खोडवा जुन्याच बुडख्यातून येतो, त्यासाठी नव्याने लागण करावी लागत नाही. कुणी राहिले काय आणि गेले काय, तो येतच राहतो.

आपल्याकडे मे महिन्याच्या पहिल्या आठवड्यात सूर्य मध्यान्हीला बरोबर डोक्यावर येतो आणि उभ्या वस्तूची सावली तिच्या पायाखालीच नाहीशी होते. ऑगस्टमध्येही असा दिवस येतो, पण तो बहुधा ढगांत जातो. छायाचित्रकार एरवी दुपारचे ऊन टाळतात. मी मात्र त्या दिवशी साडेबाराच्या सुमारास रिकाम्या दावणीतल्या खुंट्यांची रांग टिपली. सावली नसलेले खुंटे जमिनीला चिकटवलेले वाटत नाहीत, नुसते ठेवल्यासारखे वाटतात. सोबतीची सावलीही सुटणे हे त्या कादंबरीच्या अखेरीशी जुळणारे चित्र होते.

यंत्राबद्दल थोडक्यात. मोबाइल असेल तर एचडीआर बंद करावे, नाहीतर ते काळोख उजळून टाकते आणि गोठ्याचा गोठेपणा जातो. चमकत्या भागावर बोट ठेवून फोकस आणि एक्स्पोजर बांधावे आणि उजेड थोडा उतरवावा. कॅमेरा असेल तर ३५ ते ५० मिलिमीटरची लेन्स पुरेशी आहे; फार रुंद लेन्सने गोठा दिवाणखान्यासारखा दिसतो. वस्तूचे पोत दाखवताना अ‍ॅपर्चर एफ ८ च्या आसपास ठेवावे आणि ट्रायपॉड वापरावा. हलत्या हाताची थाप टिपताना शटरचा वेग १/१५ सेकंदापर्यंत उतरवला तर हात किंचित पुसट होतो आणि बॉनेट स्थिर राहते. रंगीत की कृष्णधवल, हा निर्णय सबंध मालिकेसाठी एकदाच घ्यावा.

निवड आणि क्रम

दोन ऋतूंत शंभरावर छायाचित्रे जमतात. मालिकेत नऊ ते अकरा पुरेत. निवडताना प्रत्येक चित्र वहीतल्या अर्थवाक्यासमोर धरून पाहावे. सुंदर असूनही त्या वाक्याला काही जोडत नसेल तर बाजूला ठेवावे. हे जिवावर येते, पण त्याला इलाज नाही. क्रम लावताना कादंबरीतील घटनांचा क्रम पाळण्याची गरज नसते. एखादी वस्तू मालिकेत तीनदा यावी आणि दर वेळी तिची अवस्था बदललेली असावी, ही युक्ती मला सर्वांत प्रभावी वाटते. आम्ही दावे निवडले. पहिल्यांदा ते ताणलेले आहे, दुसरे टोक चौकटीबाहेर, म्हणजे जनावर आहे. मध्यावर ते खुंट्यावर सैल गुंडाळलेले आहे. अखेरीस ते नाहीच, फक्त खुंट्यावरचा वळसा आहे. मधली चित्रे कोणतीही असोत, पाहणाऱ्याला एक धागा हाती लागतो.

चित्राखाली स्पष्टीकरण लिहू नये. एक शब्द पुरे, आणि तो बोलीतला असावा: ‘दावं’, ‘गव्हाण’, ‘थारुळं’. कादंबरीतील ओळी वापरायच्या असतील तर अभ्यासापुरता, श्रेय देऊन, छोटा उतारा घ्यावा. आपल्या कायद्याप्रमाणे लेखकाच्या निधनानंतरच्या वर्षापासून ६० वर्षे स्वामित्वहक्क राहतो. यादव यांचे निधन २०१६ साली झाले, म्हणून २०७६ संपेपर्यंत मोठे उतारे छापण्याआधी हक्कधारकांची परवानगी घ्यावी लागेल.

मालिका बाहेर मांडण्याआधी दोन माणसांना दाखवावी: कादंबरी वाचलेल्या एकाला आणि शिवारात आयुष्य घालवलेल्या एकाला. पहिला सांगेल की अर्थ बरोबर लागला आहे का. दुसरा सांगेल की वस्तू बरोबर पाहिली आहे का. ज्यांच्या घरी छायाचित्रे काढली त्यांना छापील प्रत नेऊन द्यावीच. गव्हाणीचे चित्र मी त्या वृद्ध शेतकऱ्यांकडे घेऊन गेलो, तेव्हा त्यांनी चष्मा पुसून ते उजेडात धरले आणि चमकत्या कडेवरून बोट फिरवत डाव्या टोकाशी थांबले. ‘‘सर, तुमी डावी बाजू कापलासा की. हितं हरण्या बांधायचो मी. त्यो अडदांड, वैरण वढताना मान लई घासायचा. फळी हितं खाली दबल्या, बघा जावा.’’ आम्ही दोघे गोठ्यात गेलो. डाव्या टोकाला फळी खरोखरच अर्धा इंच झिजून खाली गेलेली होती, आणि ती झीज माझ्या चौकटीबाहेर राहिली होती. दुसऱ्या दिवशी सकाळी त्याच उजेडात मी ते छायाचित्र पुन्हा घेतले.